चार मिलिमीटर डावीकडे

१

आमची रायडर मोरेना पडली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. इटलीतल्या आमच्या लुगो गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी आहे, तिच्यावर आम्ही शर्यतीच्या मोटरसायकलची चाचणी घेत होतो. पहिली फेरी मारून मोरेना आमच्यासमोरून गेली, तेव्हा आमचा मेकॅनिक इवो याने दोन्ही हात वर करून हलवले. मला वाटलं, कौतुकाने. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या टोकाला खाडकन आवाज झाला, धूळ उठली, आणि आम्ही सगळे धावत सुटलो.

मोरेना गवतात बसली होती, हेल्मेट मांडीवर ठेवून. ती गुरांची डॉक्टर आहे. स्वतःचा गुडघा स्वतःच चाचपत ती म्हणाली, "मी घोडा असते तर मला दोन दिवस बांधून ठेवलं असतं. मोडलेलं काही नाही."

गॅरेजचा मालक ओरियानो याने तिला हात देऊन उठवलं, दोन पावलं चालवून बघितलं, आणि मग तो गाडीपाशी उकिडवा बसला. चेन मागच्या दातेरी चक्रावरून उतरून कडेला अडकली होती. त्याने कशालाच हात लावला नाही. बराच वेळ नुसतं बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"तुझं वेल्डिंग सरकलंय, फाउस्ता."

तो गुरुवार होता. रविवारी समुद्राजवळच्या ट्रॅकवर सहा तासांची शर्यत होती, आणि त्या शर्यतीसाठी आम्ही दोन वर्षं राबत होतो.

२

नेहमीच्या गाडीचं मागचं चाक दोन दांड्यांच्या बेचक्यात बसतं. ते बदलायचं तर आरपार गेलेली आस काढा, चेन उतरवा, ब्रेक बाजूला धरा, चाक ओढा, आणि पुन्हा हेच सगळं उलट्या क्रमाने करा. आमच्या गाडीला आम्ही एकहाती स्विंगआर्म बसवत होतो. म्हणजे डाव्या बाजूला एकच जाड दांडा. चेन आणि ब्रेक त्या दांड्यालाच राहतात. उजवीकडून एक मोठा नट काढला की चाक सरळ हातात येतं.

हा दांडा ओरियानोने एका मोठ्या, अपघातात गेलेल्या गाडीचा मिळवला होता. आमच्या गाडीत तो जसाच्या तसा बसणार नव्हता. त्याचं तोंड आमच्या सांगाड्यापेक्षा बत्तीस मिलिमीटर अरुंद होतं, म्हणून ओरियानोने लेथवर दोन कड्या कातल्या, डावीकडची अठरा मिलिमीटरची, उजवीकडची चौदाची. शॉकॲब्सॉर्बर अडकवायची जागाही भलतीकडे होती. जुनी कापून नवी जोडायचं काम माझं. ॲल्युमिनियमला एकदम तापवलं की ते ओढ खातं, म्हणून मी तो दांडा भट्टीत कोमट करून, रोज चार बोटं वेल्डिंग करून, तीन आठवड्यांत पुरा केला. बारा वर्षं मी ओरियानोकडे वेल्डिंग करत होते. तेवढं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

ज्या दिवशी पहिल्यांदा चाक लावलं, त्या दिवशी सगळ्यांनी गंमत म्हणून ते बदलून बघितलं. मला अकरा सेकंद लागले. आमच्या दुसऱ्या रायडरला, साउरोला, बारा. तो शाळेत कवायत शिकवतो आणि पान्याची दोन टोकंही त्याला नीट ओळखता येत नाहीत. जुन्या दुहेरी दांड्यावर हेच काम अडतीस सेकंदांत करणारा आमच्या भागात एकच माणूस होता, तो म्हणजे इवो. दरवर्षी दुसऱ्या टीमची माणसं हातात घड्याळं घेऊन त्याचं चाक बदलणं बघायला यायची. अठ्ठावन्न वर्षांचा, कमी बोलणारा. टायर अंगठ्याने दाबून हवा सांगायचा, आणि बारमध्ये नुसत्या हाताने नट हवा तेवढाच आवळून दाखवून पैजेची कॉफी प्यायचा. त्या दिवशी त्याने चाक बदलून बघितलं नाही. खांदा धरलाय म्हणाला.

चाचणीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता लेआर्को आला होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस बोलोन्यातल्या गिअरच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं मोजमापाच्या खोलीत होता. मिलिमीटरचे शंभर भाग केल्याशिवाय त्याला मिलिमीटर दिसतच नाही, म्हणून गावात त्याला सगळे 'शतांश' म्हणतात. त्याने पुढच्या-मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दोरे ताणले, मोजलं, आणि दोन्ही चाकं एका रेषेत असल्याचं सांगितलं. दांड्याच्या आसेचा नट त्याने स्वतः काट्याच्या पान्याने, म्हणजे आवळायला किती जोर लागला ते आकड्यात दाखवणाऱ्या पान्याने, आठवर आवळला. तो पाना दर शर्यतीआधी तो घरी नेऊन तपासतो. तसाच त्या दिवशीही घेऊन गेला.

साडेबाराला आम्ही जेवायला सुटलो. अडीचला गाडी व्हॅनमध्ये चढवली. साडेचारला मोरेना गवतात होती.

गॅरेजमध्ये परतल्यावर ओरियानोने जुना दुहेरी दांडा माळ्यावरून खाली काढला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला की चूक माझी नाही, त्याचीच, एवढं मोठं काम त्याने माझ्यावर टाकायला नको होतं.

मी सायकल काढली आणि लेआर्कोच्या घरी गेले.

३

तो वाफ्यातल्या टोमॅटोला काठ्या बांधत होता. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, की चाक तिरकं झालंय की सरकलंय. मी म्हटलं, कोणी मोजलंच नाही. त्याने हात धुतले, काट्याचा पाना सायकलच्या टोपलीत ठेवला आणि माझ्यापुढे निघाला.

गॅरेजमध्ये ओरियानो, इवो आणि साउरो गाडी खोलायच्या तयारीत होते. लेआर्कोने त्यांना थांबवलं आणि पुन्हा दोरे ताणले. पंधरा मिनिटं तो एकेक माप दोनदोनदा घेत राहिला. मग त्याने मला जवळ बोलावलं आणि पट्टी दाखवली.

चाक चार मिलिमीटर डावीकडे गेलं होतं. पुढेही चार, मागेही चार, वरही चार, खालीही चार.

"वेल्डिंग ओढ खातं तेव्हा दांडा पिळवटतो," लेआर्को म्हणाला. "चाक कलतं. हे चाक कललेलं नाही, ओरियानो. आहे तसं उचलून कोणीतरी बाजूला ठेवावं तसं सरकलंय. या मुलीच्या वेल्डिंगला एवढं सरळ चुकता येणार नाही."

मी चौतीस वर्षांची होते, पण त्या क्षणी मुलगी म्हटल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मग त्याने आसेच्या नटावर आणि सांगाड्यावर मिळून एक बारीक रेघ ओढली, नट थोडा सैल केला, आणि काट्याच्या पान्याने पुन्हा त्या रेघेवर आणून आकडा वाचला. नट किती आवळलेला होता, ते असं कळतं. काटा आठवर होता.

"म्हणजे तुम्ही सकाळी आवळला तसाच आहे," ओरियानो म्हणाला. "कोणी हात लावलेला नाही."

लेआर्कोने नट पुरता काढला, आस ओढली, आणि दोन्ही कड्या टेबलावर ठेवून व्हर्नियर लावला. डावीकडून निघालेली कडी चौदाची होती. उजवीकडून निघालेली, अठराची.

कड्या अदलाबदल झाल्या होत्या. नट काढल्याशिवाय ते होऊच शकत नव्हतं.

"अकराला मी मोजलं तेव्हा त्या जागेवर होत्या," लेआर्को म्हणाला. "कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत नट काढला, कड्या बदलल्या आणि नट परत आठवर आवळला. आणि काट्याचा पाना तर माझ्या घरी होता."

४

शुक्रवारी सकाळी त्याने आम्हाला एकेकट्याला भट्टीच्या मागे बोलावलं. हातात वही नव्हती, आवाजात आरोप नव्हता. डॉक्टर दुखणं विचारतात तसं त्याने विचारलं.

ओरियानोने सांगितलं की तो घरी जेवायला गेला होता. पण त्याच्या बायकोने आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं की तो आला तेव्हा ताटातली कापेलेत्ती पार गार झाली होती. खोदून विचारल्यावर त्याने कबूल केलं की पाऊण तास तो नदीच्या बांधावर बसला होता. दांडा शर्यतीत मोडला तर मोरेनाचं काय होईल, या विचाराने त्याला आठवडाभर झोप नव्हती. लेआर्को म्हणाला, घाबरलेला माणूस गाडी शर्यतीला नेऊच देणार नाही. पण कड्या बदलून तिला रायडरखाली देणार नाही, असं मात्र कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

साउरो पेट्रोल आणायला गेला होता. त्याला नवा दांडा आवडत नव्हता आणि ते त्याने कधी लपवलं नव्हतं. वळणावर मागचं जड वाटतं, म्हणायचा. पेट्रोलपंप दहा मिनिटांवर आहे, त्याला तास लागला होता. कुठे होता, ते तो आधी सांगेना. शेवटी लाल होत म्हणाला की शाळेतल्या संगीताच्या बाईंना भेटायला गेला होता, आणि हे गावभर करू नका.

इवो म्हणाला, बारमध्ये पत्ते खेळत होतो. बारवाल्याने दुजोरा दिला, फक्त एवढंच म्हणाला की मधे एक डाव इवोच्या जागी दुसरा कोणी बसला होता. किती वेळ, ते त्याच्या लक्षात नव्हतं.

मी मागच्या अंगणात एक्झॉस्टची नळी जोडत होते, डोक्यावर वेल्डिंगचा मुखवटा. गॅरेजमधून हत्ती गेला असता तरी मला कळलं नसतं. लेआर्कोने मला जेवणाच्या सुट्टीबद्दल फारसं विचारलं नाही. तो धावपट्टीबद्दल विचारत राहिला. कोण कुठे उभं होतं. कोण काय बोललं. पडायच्या आधी कोणी काय केलं.

मी सांगितलं, कोणी काहीच केलं नाही. इवोने तेवढे कौतुकाने हात हलवले.

"एक हात की दोन?"

"दोन."

"कधी?"

मी आठवून बघितलं. पहिल्या फेरीत. मोरेना समोरून जात असताना. तेव्हा गाडी अगदी व्यवस्थित पळत होती.

लेआर्को म्हणाला, सगळ्यांना टेबलापाशी बोलव, आणि मोरेनालाही फोन कर. पडली ती आहे, तिला ऐकायचा हक्क आहे.

५

मोरेना लंगडत आली आणि स्टुलावर पाय वर करून बसली. लेआर्कोने टेबलावरच्या पकडीत एक जुनी आस बसवली होती, तिच्यावर तसाच नट. शेजारी लांब पाना.

"कालचा नट काट्याच्या पान्याशिवाय आवळलेला होता, तरी बरोबर आठवर होता," तो म्हणाला. "एकेकाने यायचं आणि हा नट हाताने आठवर आवळायचा. मग मी मोजणार. काय शोधतोय ते लपवत नाही. ज्याचा आकडा आठ, त्याने काल नट काढला."

मला खरंतर हसू यायला हवं होतं. असा हात कोणाचा आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी एकानेही तोंड उघडलं नाही. कोणीही वर बघत नव्हतं. पुढे कितीतरी दिवसांनी मला कळलं की लेआर्को मोजमाप करत नव्हता. तो एका माणसाला स्वतःहून बोलायला वेळ देत होता.

ओरियानोने आवळला. साडेदहा. साउरोचा सहा. माझा नऊच्या जरा वर. प्रत्येक वेळी लेआर्कोने रेघ ओढली, नट सैल केला, परत आणला, आकडा मोठ्याने वाचला.

मग इवो उठला. त्याने फडक्याने हात पुसले, एकदा, मग पुन्हा. पाना धरला. तो मुद्दाम कमी आवळू शकला असता. मुद्दाम जास्तही. मी मनातल्या मनात म्हणत होते, चुकव रे, कसंही करून चुकव. त्याने डोळे अर्धे मिटले, मनगट हळूच दाबलं आणि सोडलं.

लेआर्कोने मोजलं. आठ.

"मुद्दाम का नाही चुकवलंस?" ओरियानोने विचारलं.

"चुकवणारच होतो," इवो म्हणाला. "हाताने ऐकलं नाही."

मग तो उभ्यानेच बोलला, मोरेनाकडे बघून. वीस वर्षं माणसं त्याचे हात बघायला येत होती. बायको गेल्यावर दुसरं काहीच उरलं नव्हतं. आणि त्या दिवशी कवायतीच्या मास्तराने बारा सेकंदांत चाक बदललं. त्याला वाटलं, कड्या बदलल्या की चेन सुरुवातीलाच घासेल, हळू फेरीतच आवाज येईल, आपणच गाडी थांबवू, आणि दांडा जमत नाही म्हणून जुना परत येईल. पण मोरेनाने हळू फेरी मारलीच नाही. पहिल्यापासूनच सुसाट सुटली.

"मी हात केला," तो म्हणाला. "दोन्ही हात केले. तू बघितलंच नाहीस."

"आणि वेल्डिंगवर खापर फुटलं तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा कुठे होते हात?"

त्याने मान खाली घातली.

ओरियानोने दार दाखवलं. चालता हो, म्हणाला, आणि हत्यारांची पेटी उद्या कोणालातरी पाठवून ने. इवो निघालाही. तेवढ्यात मोरेना बोलली.

"थांबा. पडले मी. तेव्हा ठरवणारही मी." ती स्टुलावरून उतरली आणि लंगडत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "रविवारी तू चाकाला हात लावायचा नाहीस. चाक फाउस्ता बदलणार. पण तिला अकरा सेकंद लागतात, आणि मला ते दहाच्या आत हवेत. आज आणि उद्या मिळून तिला तू शिकवायचंस. तुला येतं ते सगळं. काही मागे ठेवलंस तर मला कळेल, मी जनावरांची डॉक्टर आहे."

६

कड्या आपापल्या जागी गेल्या, लेआर्कोने दोरे ताणले, चाक रेषेत आलं. ओरियानोने माझी माफी मागितली नाही. तो तसा घडलेलाच नाही. दांड्यावरून एकदा बोट फिरवत तो म्हणाला, "वेल्डिंग चांगलं आहे, फाउस्ता." बारा वर्षांतलं त्याचं ते पहिलं कौतुक.

पहिला तासभर मी इवोशी बोलले नाही. तो सांगायचा, मी करायचे. पण शिकवताना तो माणूसच वेगळा होता. नटाकडे बघू नकोस, म्हणायचा, पाना स्वतः जागा शोधतो. चाक उचलू नकोस, गुडघ्यावर घे. श्वास नट सुटल्यावर सोड. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी ते चाक एकशे चाळीस वेळा काढलं आणि बसवलं. शेवटचे वीस, सगळे दहाच्या आत. एकशे चाळिसाव्याला मी त्याला म्हटलं, पाणी दे. त्याने बाटली उघडून दिली.

रविवारी त्या ट्रॅकवर तेवीस गाड्या होत्या. चार वर्षं सलग जिंकलेली रिमिनीची टीम, त्यांच्याकडे आमच्याहून ताकदवान इंजिन आणि दुप्पट माणसं. सहा तासांत मागचं चाक दोनदा बदलावं लागतं. पहिल्यांदा बदललं तेव्हा शेजारच्या टीमची माणसं सँडविच खात बघत होती. चाक निघालं, चाक बसलं, साउरो गेला, आणि त्यांचे घास तसेच तोंडात राहिले.

पाचव्या तासाअखेर रिमिनीवाले आमच्यापुढे तेवीस सेकंद होते. शेवटच्या बदलासाठी दोन्ही गाड्या एकाच फेरीत आत आल्या, आधी त्यांची, मग आमची. इवोने मागचा स्टँड लावला आणि बाजूला झाला, ठरल्याप्रमाणे चाकाला शिवलाही नाही. साउरो उतरला, मोरेना सुजलेला गुडघा मुडपून चढली. मी पाना लावला. नट सुटला. टायर इतका तापलेला होता की हातमोज्यातून चटका बसला. नवं चाक गुडघ्यावर, मग आत, मग नट, मग पिन. मी हात वर केला आणि मोरेना गेली. पलीकडे रिमिनीवाल्यांची आस अजून पुरती आत जायची होती.

"नऊ पूर्णांक चार," लेआर्को मागून म्हणाला. मग जरा थांबून, "दोन शतांश."

त्यांची गाडी सुटली तेव्हा मोरेना पहिल्या वळणापलीकडे होती. उरलेल्या तासात त्यांनी जीव तोडून पाठलाग केला. ओरियानो भिंतीकडे तोंड करून बसला होता. साउरो त्याला प्रत्येक फेरीचा आकडा सांगायचा आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, सांगू नकोस. सात सेकंद, सहा, सहा, पाच. पाचवर ते थांबले. मोरेनाने मग एकही सेकंद दिला नाही. रेषा ओलांडताना तिने दोन्ही पाय पायदानांवर ताणून उभं राहून आरोळी ठोकली, आणि आम्ही सगळे ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर चढलो. आयुष्यात कधी पळताना न दिसलेला लेआर्कोही.

इवो पुढे नऊ वर्षं आमच्याकडेच राहिला. त्या हिवाळ्यात तो दर शनिवारी आजूबाजूच्या गॅरेजमधल्या माणसांना चाक बदलायला शिकवू लागला, आणि त्यांच्या आकड्यांवर स्वतःच्या आकड्यांपेक्षा जास्त भांडू लागला. पण त्या संध्याकाळी तो एकटाच हत्यारं पुसत होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले, पिआदिनाच्या पोळीचा अर्धा तुकडा तोडून त्याला दिला, आणि आम्ही दोघांनी ती पोळी संपवली.

तेवढ्यात भोंग्यावरून विजेत्यांची नावं पुकारली. मोरेना आणि साउरो वर चढले. निवेदक पुढच्या नावाकडे वळणार एवढ्यात मोरेनाने त्याच्या हातातला माइक काढून घेतला. म्हणाली, या गाडीचा दांडा जिने जोडला आणि जिने आज चाक बदललं, ती खाली उभी आहे, आणि ती वर आल्याशिवाय मी चषकाला हात लावणार नाही. मग तिने माझं नाव घेतलं, आडनावासकट, सावकाश, नीट ऐकू जाईल असं. गर्दी वळून बघायला लागली. रिमिनीवाल्यांनीच आधी टाळ्या सुरू केल्या. माझ्या हातमोज्यांवर टायरचं काळं होतं आणि केसांत ब्रेकची धूळ. मी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि पायऱ्या चढायला लागले.